मावलीचे पाय

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, भाकऱ्या थापता थापता, सुगंधाला तो आवाज ऐकू आला.

आधी तिला वाटलं, शेजारच्या राहुटीत कुणाचं पोर किरकिरतंय. मग वाटलं, माडाची झावळी झावळीवर घासते आहे. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं पिठाचे हात परातीत तसेच ठेवले आणि कान दिला. बारीक, लांबलचक, दातावर दात घासावा तसा आवाज. मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. जांभ्याचे चिरे कापायचं मशीन. या मुलखात जन्मलेल्या माणसाला तो आवाज कुणी शिकवावा लागत नाही.

पण आवाज येत होता ओढ्याच्या, व्हाळाच्या पलीकडून, आडखोलच्या उघड्या कातळमाळावरून, सड्यावरून. आणि आडखोलात आज माणूस नव्हतं.

दर चौथ्या वर्षी, भात घरात आलं की, आडखोलकर रवळनाथाला कौल लावतात, आणि देव सांगेल त्या दिवशी अख्खं गाव उठतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, दुखणाईत म्हातारी खाटेसकट, सगळी साकवाच्या लाकडी पुलावरून व्हाळ ओलांडून वेशीबाहेर येतात आणि झावळ्यांच्या राहुट्या घालून राहतात. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गाव तीन दिवस देवाचं. घराला कुलूप लावायचं नाही, कडीसुद्धा नुसती लोटायची. आणि मागं वळून पलीकडं पाऊल टाकायचं नाही. आजवर कुणी टाकलं नव्हतं. टाकायचं कुणाच्या मनातच येत नसे. व्हाळाच्या अलीकडं इतकी मजा असते. मासे काय, फुगड्या काय, पत्ते काय. घरी ज्यांचं बोलणं नाही ती माणसंही इथं एका चुलीवर जेवतात.

"राधाबाय, आयकलास?" सुगंधानं शेजारच्या चुलीकडं बघत विचारलं.

राधाबाई सत्तरीच्या, तोंडात दोनच दात, पण जीभ बत्तीस दातांची. "माका आपला पोट वाजता ता पण आयकाक येना नाय. काय ता?"

"सड्यार मशीन चलता."

राधाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.  त्यांनाही ऐकू आलं होतं.

सुगंधा हात पुसत उठली. काजूच्या झाडाखाली पुरुषांचा डाव रंगला होता. गुरुदास, तिचा धाकटा दीर, मधोमध बसला होता. तिचा नवरा वारल्यावर देवळातला मान त्याच्याकडं आला. कौल तो लावतो, गाऱ्हाणं तो घालतो.

"भावजी, सड्यार मशीन कोणाचा?"

गुरुदासनं पान टाकलं. "वारो फिरलो आसा, वयनी. कुडाळच्या वाटेर खाण आसा, तिचो आवाज."

"कुडाळ माज्या पाठीर आसा. आवाज फुड्यातसून येता."

"वयनीन होकायंत्र गिळलेला दिसता," बाबली म्हणाला, आणि सगळे हसले. बाबली प्रत्येक डाव हरायचा आणि प्रत्येक वेळी असं काहीतरी बोलायचा. गुरुदास हसला नाही. त्यानं हातातली पानं उगाच पुन्हा लावली. ते तिनं बघितलं.

सड्यावर मावली होती.

उघड्या काळ्या कातळावर, आभाळाकडं तोंड करून झोपलेली बाई. तोंड करून म्हणायचं, पण तिला तोंड नव्हतं. डोक्याचा गोल, त्यात काही नाही. खाली लांब हात, रुंद कंबर, आणि पायांची दहा बोटं सुटी सुटी, कुणी लेकरानं मोजून काढावीत तशी. चार माणसं ओळीनं निजतील एवढी लांब. कुणी कोरली, कधी, ठाऊक नाही. पुरुष म्हणत, पांडवांनी एका रात्रीत. बायका काही म्हणत नसत, त्या पाणी घालत. गावात नवी सून आली की पहिल्या मार्गशीर्षात सासू तिला सड्यावर न्यायची. डोक्यावर व्हाळाच्या पाण्यानं भरलेली कळशी. डोक्याच्या गोलात ती ओतायची आणि बघत राहायची. पाणी गोलातून मानेत, मानेतून छातीवरच्या रेघांत, कमरेला वळसा घालून मांड्यांमधून थेट पायांच्या बोटांपर्यंत जायचं. एक थेंब बाहेर नाही. बोटं भिजली की सून गावची झाली.

सड्यावयली माझी माय, तिका तोंड नाय गो,
माथ्यार पाणी वतलंय, तिचे भिजले पाय गो.

सुगंधा एकोणीस वर्षांची असताना ते पाणी तिनं घातलं होतं. माहेर लांब, आरोंद्याला, खाडीकाठी. आल्यापासून ती रडत होती. पाणी बोटांत भरलं, दहा इवल्या आरशांत आभाळ उतरलं, आणि तिचं रडू थांबलं ते थांबलंच.

दिवाळीनंतर पुण्याहून इशिता नावाची मुलगी आली होती. पाठीवर पिशवी, हातात ड्रोन. तिनं सडा मोजला, रेघा मोजल्या. सुगंधानं तिला पाणी घालून दाखवलं तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि पाण्यामागून बोट फिरवत गेली.

"काकी, हे कोरणाऱ्यांना उतार कळत होता," ती शेवटी म्हणाली. "आम्ही इतकी चित्रं पाहिली, पण पाणी ओतून कुणी बघितलं नव्हतं. दहा हजार वर्षं असतील, कमीही असतील. कोण होते, कुठून आले, कुठं गेले, काही म्हणजे काही माहीत नाही. ना घर सापडलं, ना हाडं. नुसत्या या रेघा."

"आणि तोंड कित्याक नाय गो तिका?"

"ते तर अजिबातच माहीत नाही." इशिता हसली. "तुम्हाला माहितेय?"

सुगंधाला माहीत नव्हतं. पण कुणीतरी इतक्या लांबून येऊन तिला विचारलं होतं, ते तिला आवडलं. तिनं गाणं म्हणून दाखवलं. जागा दाखवली. फोटोला उभी राहिली. तो फोटो पेपरात आला, आणि पेपरात हेही आलं की येत्या सोमवारी सरकारी माणसं पंचनाम्याला येणार, मग सड्यावर फलक लागणार, मग तिथं कुणाला कुदळ मारता येणार नाही.

सड्याचा तो तुकडा वाटणीत गुरुदासकडं गेलेला होता.

हे सगळं ती काजूखाली उभ्या उभ्या जुळवत होती, आणि जुळवता जुळवता तिला तो आंगठा आठवला. आठ दिवसांपूर्वी, देवळात. पाषाणावर दोन पाकळ्या लावायच्या असतात, पाण्यानं. उजवी आधी पडली तर याच गुरुवारी गाव निघणार, डावी पडली तर पुढच्या पौर्णिमेला. तिचा नवरा दोन्ही पाकळ्या एकाच थेंबात भिजवायचा, नुसत्या टेकवायचा, आणि हात असा मागं घ्यायचा जसा काही तापल्या तव्यावरून. "दाबलंय तर देव बोलना नाय गो," तो घरी येऊन सांगायचा, "माजो आंगठो बोलता."

गुरुदासनं डावी पाकळी दाबली होती. ओल्या आंगठ्यानं, चांगली, पडूच नये अशी. तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, नवखा आहे, शिकेल.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सोमवारी पंचनामा.

"तुया डावी पाकळी दाबलंस," ती म्हणाली.

आता पत्ते थांबले.

"काय बोलतंस, वयनी? देवार संशय घेतंस?"

"देवार नाय. तुज्या आंगठ्यार."

गुरुदास उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज त्यानं खाली ठेवला. "आयक. थंय गवत पण धड उगवणा नाय. दहा हजार वर्सां ती थंय निजली हा, माका काय दिल्यान? एकदा सरकारचो बोर्ड लागलो की माजीच जमीन माका बंद. तुजो फोटो पेपरात इलो, बरो इलो. माजा काय?"

"तुजा काय ता माका आदी सांगाक होया होतंस. गाव थंय असताना मशीन लावूक होया होतंस. सगळ्यांच्या डोळ्यांफुडे. देवाच्या नावान गाव रिकामा केलंस आणि पाठसून सुरी घातलंस!"

"वयनी, गप रव. लोका आयकतत."

"आयकांदेत!"

ती साकवाकडं चालू लागली. मागून कुणीतरी ओरडलं, कुणीतरी दोन पावलं धावलं, पण साकवाच्या अलीकडच्या टोकाशी सगळे थबकले, जणू तिथं भिंत होती. राधाबाई तेवढ्या जवळ आल्या. "बाये, पलीकडे पाय ठेवलंस तर परत तुका हय कोण घेवचा नाय."

"गावच रवणा नाय, मगे घेतंत खंय?" सुगंधा म्हणाली आणि साकवावरून गेली.

रिकाम्या गावातून चालताना तिला भीती वाटायला हवी होती. लोटलेली दारं, अंगणांत वाळल्या पानांचा पातेरा, तुळशीपुढं विझलेली पणती. लहानपणापासून ऐकलेलं सगळं इथंच कुठंतरी उभं असणार होतं, माडाआड, विहिरीआड. पण रागानं तिचे कान असे तापले होते की भुतांनीच बाजूला व्हावं. तो आवाज तिला दोरीनं ओढत होता. चढणीवर वहाण तुटली, ती तिनं करवंदीच्या जाळीत भिरकावली आणि तशीच वर आली.

सडा लाल झाला होता.

कातळ वरून काळा असतो, पोटातून लाल. ती लाल धूळ सुकल्या गवतावर, कुड्याच्या झुडपांवर, हवेत, सगळीकडं. रुळांवर मशीन सरकत होतं, गोल पातं फिरत होतं. आणि मावली कमरेपर्यंत नव्हती. डोकं, मान, हात, छाती होती तिथं चौकोनी खड्डा होता, तळ सपाट, स्वच्छ, एखाद्या घराच्या पायासारखा. खाली मांड्या आणि पाय तसेच होते. दहा बोटं वर करून ती अर्धी बाई पडून होती.

 सुगंधा गेली आणि पात्याच्या वाटेवर, उरलेल्या मांड्यांवर, आडवी झाली.

मशीन चालवणारा घाबरून ओरडला, धावत जाऊन त्यानं इंजिन बंद केलं. विजापूरकडचा माणूस होता, परशुराम नावाचा, डोक्याला फडकं, भुवयासुद्धा लाल. "अम्मा! मरायचं आहे काय?"

"कोणी सांगितला तुका हय कापूक?"

"मालकानं. बोलले, तीन दिवस गावात कुणी नसणार. कुणी येणार नाही, आरामात काम कर."

तिनं ते ऐकलं आणि दोन्ही मुठी कातळावर आपटल्या. सोलून निघाल्या. गावाची चारशे माणसं आपली दारं देवाच्या भरवशावर उघडी टाकून गेली होती. त्या भरवशाचं त्यानं हे केलं! कामाचं वेळापत्रक!

"तिचा डोका खंय आसा?" तिनं विचारलं.

परशुरामला आधी समजलं नाही. मग त्यानं खड्ड्याच्या कडेला बोट दाखवलं. चांगले चिरे एका बाजूला रचले होते, कोपऱ्याला कोपरा लावून. दुसऱ्या बाजूला नुसता ढीग. "रेघावाला माल ना? तो तिकडं टाकला. गिऱ्हाईक घेत नाही, अम्मा. खराब माल."

ती ढिगाकडं गेली. एकेका चिऱ्यावर वीतभर रेघ. एकावर मनगट असेल, एकावर छातीचा उतार. सगळी मावली तिथं होती, उलटीसुलटी, कुणी घर आवरताना फुटकी भांडी टाकावीत तशी. डोक्याच्या गोलाचा तुकडा तिला ओळखू आला. त्याच्या तळाशी शेवाळाची हिरवी कड होती. किती सुनांचं पाणी.

सड्यावर फोनला रेंज येते. तिनं इशिताला लावला.

"काकी, कशालाही हात लावू नका," इशिता म्हणाली. "फोटो काढा. सगळ्या बाजूंनी. मी रात्रीच्या गाडीनं निघते, तरी पोचायला उद्या दुपार होईल. ऑफिसला कळवते, पण शनिवार-रविवार—"

"दीड म्हयनो कागद फिरयत बसलास तुमी," सुगंधा म्हणाली. "तेंव्हा खंय गेल्लो शनिवार-रविवार? पेपरात छापूक दोन दिस लागले, राखूक दीड म्हयनो? आणि मी येडी, गाणा म्हणीत बसलंय!"

पलीकडं इशिता रडत होती. सुगंधानं फोन बंद केला. फोटो मात्र तिनं काढले, जसे सांगितले तसे, सगळ्या बाजूंनी. मग पदराची चुंबळ केली. "उचल," ती परशुरामला म्हणाली. तो वाकला आणि डोक्याच्या गोलाचा तो तुकडा त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला. मान लचकली, सावरली.

"मालकाला काय सांगू? डिझेल संपलं सांगतो."

"डिझेल संपला नाय. सुगंधा इल्ली म्हणान सांग."

तिला कुणी राहुटीत घेतलं नाही. तिची परात, तिची चटई साकवाच्या टोकाशी आणून ठेवली होती. गाव तिथं, ती इथं, मध्ये वीस पावलं. ती दगड पुढं ठेवून बसली. गुरुदास लांबून बोलला, "गावपळण मोडलंस तुया. गावार काय इला तर तुज्या माथ्यार."

"माझ्या माथ्यार काय होता ता बगितलंस ना आत्ता?" ती म्हणाली. "तुज्याच माथ्यार येतला ता."

त्या दिवशी कुणी आलं नाही. सड्यावरून मशीनचा आवाजही पुन्हा आला नाही. शनिवारी सकाळी राधाबाई आल्या, भाकरी घेऊन. भाकरी ठेवली आणि दगडाकडं बघत राहिल्या. मग खाली बसून बोट लावलं. हिरव्या कडेवरून बोट फिरवत गेल्या, कड संपली तिथं थांबल्या. कापलेली बाजू गुळगुळीत होती, साबणाच्या वडीसारखी.

"हीच ती?"

"हीच."

"माझी सासू माका धरून नेल्ली," राधाबाई म्हणाल्या. "मी पाणी सांडलंय अर्धा वाटेर. सासू म्हणाली, मेल्ये, तुज्या अर्ध्या पाण्यान तिचा काय होतला? पण पाय भिजले गो. अर्ध्या पाण्यान भिजले." आणि मग सत्तरीच्या त्या बाईनं गुरुदासच्या राहुटीकडं तोंड करून अशी शिवी हासडली की काजूवरचे कावळे उडाले.

दुपारपर्यंत बायका एकेक करून आल्या. कुणी ती वीस पावलं ओलांडली, कुणी लांबूनच हात जोडले. गौरजा आली, गेल्या वैशाखात लग्न होऊन आलेली, तिला अजून पाणी घालायचं होतं. तिनं वाकून दगडाला हात लावला आणि सुगंधाजवळ बसून राहिली. संध्याकाळी इशिता आली, धुळीनं माखलेली, सड्यावरूनच. तिनं वाकून सुगंधाचे पाय धरले. सुगंधानं ते ओढून घेतले. पण निम्मी भाकरी तिच्यापुढं सरकवली.

रविवारी गाव परत जायचं. वेशीवर पाषाण आहे, त्याच्यापुढं गुरुदास उभा राहिला, धुतलेलं धोतर, हातात नारळ. त्याच्यामागं पुरुष, पुरुषांमागं बायका, डोक्यावर गाठोडी, गुरं, कुत्री. रीत अशी, की मानकऱ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक ओळीला गावानं हुंकार द्यायचा. तो हुंकार गावाचा. तो आला नाही तर गाऱ्हाणं त्या एकट्या माणसाचं, देवाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

"बा रवळनाथा म्हाराजा," गुरुदासचा आवाज खणखणीत होता, "तुज्या हुकुमान गाव येशीभायर रवलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," पुढचे पुरुष म्हणाले. मागून काही आलं नाही. पुरुषांनी मान वळवून बघितलं. दोनशे बायका तोंडं मिटून उभ्या होत्या.

"तो लेकराबाळांसकट परत घराक जाता म्हाराजा!"

या खेपेला पुरुषांतलेही दोघेतिघेच म्हणाले. बाबलीनं तोंड उघडलं, मागं आपल्या बायकोकडं बघितलं, आणि मिटलं.

"तेची वाट सरळ कर म्हाराजा!"

व्हाळ वाहत होता तेवढाच आवाज. एक गाय शेपूट हलवत होती. गुरुदास थांबला. पुन्हा तीच ओळ म्हणाला, मोठ्यानं. पुन्हा काही नाही.  तो मागं वळला. "काय होया तुमका? बोला मगे! तोंडा नाय तुमका?"

 सुगंधा वीस पावलं चालून पुढं आली. लोक बाजूला झाले.

"वाट सरळ करूक सांगतंस ना," ती म्हणाली. "तो दगड उचल. तुज्या डोक्यार घे. जंयसून काडलंस थंय ठेव. मगे गाव घराक जातला."

गुरुदासनं पुरुषांकडं बघितलं. पुरुष पायांकडं बघत होते.  मग त्यानं नारळ खाली ठेवला.

सड्यावर इशितानं ढिगातल्या एकेका तुकड्याचा फोटो घेतला, आकडा घातला, कुठला कुठं तो नकाशावर बघितला. मग बायकांनी चिरे उचलले. दुपार होईतो मावली परत खड्ड्यात निजली, तुकड्यातुकड्यांनी. शेवटी गुरुदासनं डोक्यावरून आणलेला मावलीच्या डोक्याचा तुकडा ठेवला. घामानं त्याच्या कपाळावरून लाल ओघळ आले होते.

गौरजानं कळशी आणली होती. सुगंधानं ती तिच्या हातातून घेतली आणि गुरुदासपुढं धरली.

त्यानं ओतली. पाणी गोलात पडलं, मानेकडं निघालं, आणि पहिल्या जोडापाशी नाहीसं झालं. दोन चिऱ्यांमध्ये पात्याच्या जाडीएवढी फट होती. करंगळी जाईल एवढी. तेवढा कातळ धूळ होऊन सड्यावर पसरला होता, गवतावर, सगळ्यांच्या पायांवर. फटीनं पाणी गिळलं, लाल केलं, खाली नेलं. पलीकडं छाती कोरडी, कंबर कोरडी. दहा बोटं कोरडी.



"जाता नाय," गुरुदास म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला होता. "वयनी, पाणी फुडे जाता नाय."

"परत वत."

"कळशी रिकामी झाली."

"व्हाळ भरलेलो आसा."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती हलली नाही. तिच्या मुठींवरच्या खपल्या पुन्हा उलून रक्त येत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"तिचे पाय भिजासर वत," ती म्हणाली. "आज नाय भिजले तर फाल्यां ये. परवां ये. जा."

गुरुदासनं कळशी उचलली आणि तो सड्यावरून खाली, व्हाळाकडं उतरू लागला.